सांगोल्याचा कागद

मराठ्यांच्या इतिहासात आमच्या सांगोल्याचे नाव ठळकपणे येते ते एकदाच. 'इ. स. 1750 : सांगोल्याचा करार' एवढ्या एका ओळीत ते येते, आणि पुढच्या ओळीला लेखक दुसऱ्या गावी निघून गेलेला असतो. तरीही हा धडा आला की वर्गातली मुले ताठ बसतात. ज्या तालुक्याला बाहेरचे लोक दुष्काळावरून नाही तर डाळिंबावरून ओळखतात, त्याचे नाव राजे-पेशव्यांच्या नावाशेजारी छापलेले पाहण्यात एक निराळीच मौज असते. मुले त्या ओळीखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढतात. कधीकधी पान फाटेपर्यंत ओढतात.

असाच एकदा धडा संपला, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, फौज भाऊंकडं होती. राजाकडं काहीच नव्हतं. मग त्याची सही कशाला लागली?"

'खाली बस, हे परीक्षेला येत नाही' असे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले. "उद्या सांगतो," म्हणालो. तो उद्या अजून उजाडलेला नाही. मुलगा शाळा सोडून केव्हाच पुढे गेला, प्रश्न माझ्याकडे राहिला.

हकीकत थोडक्यात सांगायची तर अशी. शाहू छत्रपती 15 डिसेंबर 1749 रोजी साताऱ्यास वारले. त्यांच्यामागे मुलगा नव्हता. ताराबाईंनी आपला नातू म्हणून ज्याला पुढे आणले, तो रामराजा गादीवर बसला. ताराबाई त्या वेळी पंचाहत्तरीला आलेल्या. उमेदीच्या काळात औरंगजेबाशी झुंजलेली ही बाई. नातवाच्या नावाने कारभार आपण पाहू, असे त्यांना वाटले. पुण्यात नानासाहेब पेशव्यांना वाटले, कारभार तर आपण पाहतोच आहोत! झाले, एका घरात दोन चुली पेटल्या. अशा वेळी प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव पेशव्यांविरुद्ध उठले आणि सांगोल्याचा किल्ला धरून बसले. त्यांचा बंदोबस्त करायला सदाशिवरावभाऊ फौज घेऊन इकडे आले, आणि येताना रामराजालाही बरोबर घेऊन आले. भाऊंचे वय अवघे वीस. बंड मोडले. दसरा तोंडावर आला होता. 25 सप्टेंबर 1750 हा त्या कराराचा दिवस. राज्याचा सगळा अधिकार पेशव्यांनी चालवावा, त्यांनी जे करावे त्याला राजाने मान्यता द्यावी. बदल्यात साताऱ्याभोवतीचा थोडा मुलूख राजाने स्वतःच्या हाताखाली ठेवावा, असे ठरले. ही दुसरी अट पेशव्यांनी कधीच पाळली नाही, असे ग्रँट डफ म्हणतो.

कादंबऱ्या लिहिण्याच्या खोडीमुळे मला इतिहासातल्या अशा जागी थांबायची सवय लागली आहे. बखरकार पुढे जातो, मी मात्र त्या तंबूच्या दाराशी रेंगाळतो. रामराजाचे काय झाले असेल? वर्षापूर्वी ज्याचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, त्याला एका आजीने गादीवर बसवले. आता एक वीस वर्षांचा सेनापती त्याच्यापुढे कागद ठेवतो आहे. बाहेर फौज कोणाची? भाऊंची. आणलेले घोडे, मारलेले तंबू, शिजत असलेले अन्न, सगळे भाऊंचे. 'नाही' म्हणून हा माणूस त्या तंबूतून कोणत्या वाटेने बाहेर पडला असता? आणि ज्याला 'नाही' म्हणण्याची मुभाच नाही, त्याच्या 'हो'ची किंमत काय?

पण त्या मुलाचा प्रश्न याच्याही मागे जातो. किंमत नव्हती, तर ते 'हो' भाऊंना हवे तरी कशाला होते? दरोडेखोर तिजोरी फोडतो तेव्हा शेटजींकडून पावती लिहून घेत नाही. राज्यकर्त्याला मात्र पावती लागते. मला वाटते, बळाला आतून नेहमीच एक भीती असते. आज आपल्या मनगटात जोर आहे म्हणून लोक ऐकतात. उद्या तो ओसरला तर? तेव्हा कामाला येईल असे काहीतरी त्याला हवे असते, आणि ते त्याच्या कोठारात नसते, समोरच्या माणसाजवळ असते. त्याचा राजीपणा! तेवढी एक वस्तू ओरबाडून घेता येत नाही. ओरबाडली की हातात नुसता कागद राहतो.

हे मला पुस्तकात सापडले नाही, वर्गात सापडले. दोन मुले बाकावरच्या जागेसाठी एकमेकांना चांगलीच भिडली. मी दोघांना पुढे बोलावले, हातात छडी घेतली (मारण्यासाठी नव्हे, नुसती धरण्यासाठी) आणि 'मिळवा हात' म्हणून दरडावले. दोघांनी हात मिळवले. मी धन्य झालो. संध्याकाळी शाळा सुटल्यावर पाहतो तो त्यातल्या एकाच्या सायकलीच्या दोन्ही चाकांतली हवा गेलेली! दुसरा साळसूदपणे फाटकाशी उभा. मी केलेला तह सहा तास टिकला होता. त्यातही दोष त्या मुलाचा, असे मी पुष्कळ दिवस धरून चाललो होतो.

सांगोल्याचा कागद दोन महिने टिकला. मध्ये एक दिवाळी गेली. 24 नोव्हेंबर 1750, चंपाषष्ठीचा दिवस. ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावून घेतले आणि तिथेच कैद केले. हा आपला नातू नव्हेच, तोतया आहे, अशी आवई त्यांनीच उठवली. ज्याने सगळे अधिकार लिहून दिले तो मनुष्यच खोटा ठरला, मग त्याच्या कागदाचे काय? पुढच्या साली ताराबाईंच्या बाजूने दमाजी गायकवाड गुजरातेतून चालून आले. साताऱ्याच्या परिसरात लढाया झाल्या. दमाजी पेशव्यांच्या कैदेत पडले. त्याच काळात निजामाची फौज बुसी या फ्रेंच सरदारासह पुण्याच्या रोखाने येत होती. घरातली भांडणे मिटवण्यासाठी म्हणून कागद केला, आणि वर्षाच्या आत घर दोन्हीकडून पेटले.

इथे कोणी मला अडवील. म्हणेल, गुरुजी, सांगोल्याला झाले त्याने कारभाराचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला गेले आणि ते पुढे पुण्यालाच राहिले. मग कागद फुकट गेला कसा म्हणता? हे खरे आहे. पण कारभार पुण्याला गेला तो कागदामुळे का? माझ्या समजुतीने तो फौजेमुळे आणि नानासाहेबांच्या कर्तबगारीमुळे गेला. कागद नसता तरी गेला असता. कागदाने जे आणायचे होते ते म्हणजे मनाचा निवांतपणा, आणि तो काही आला नाही.

निवांतपणा आला तो निराळ्याच ठिकाणी, जेजुरीला. 14 सप्टेंबर 1752 रोजी खंडोबाच्या देवळात ताराबाई आणि नानासाहेब यांनी सलोख्याच्या शपथा घेतल्या. दोघेही थकले होते. पेशव्यांना म्हातारीकडून किल्ला बळाने घेण्यात शोभा नव्हती, आणि म्हातारीला पेशव्यांशी आयुष्यभर झगडण्याइतके आयुष्य उरले नव्हते. तरी साताऱ्याचा किल्ला आणि रामराजा हे दोन्ही ताराबाईंच्या हातात होते. म्हणजे 'नाही' म्हणण्यापुरते बळ त्यांच्याजवळ होते, आणि नानासाहेबांनी ते हिसकावून घेतले नाही. ताराबाई 1761 च्या डिसेंबरात वारल्या. तोवर त्या दोघांत पुन्हा तलवार निघाली नाही. मणभर कागदांनी जे होत नाही ते भंडाऱ्याच्या चिमटीने झाले, असे भाविक म्हणतील, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

पण जेजुरीच्या त्या चित्रात एक काळा डाग आहे, आणि तो मला झोपू देत नाही. त्याच देवळात ताराबाईंनी रामराजा आपला नातू नाही अशीही शपथ वाहिली. तरी पेशव्यांनी छत्रपती म्हणून त्याचेच नाव चालू ठेवले, आणि त्याला राहू दिले ताराबाईंच्याच कैदेत. दोन बलिष्ठांचा सलोखा झाला. तो ज्याच्या अंगावरून झाला त्याला त्या देवळात बोलावलेसुद्धा नव्हते. सांगोल्याला निदान त्याच्यापुढे कागद तरी ठेवला होता! मोठ्यांच्या तहात असा एक तिसरा नेहमी असतो का? आजही कुठे दोन सत्तांची बोलणी यशस्वी झाल्याची बातमी आली की मी आनंदाने वाचतो, आणि वाचता वाचता त्या बातमीत नाव नसलेला माणूस शोधू लागतो.

समोरच्याला 'नाही' म्हणता येत असेल तर तह टिकतो, असा सरळ हिशेब मात्र मला मांडता येत नाही. ताश्कंदचे उदाहरण आडवे येते. 1965 च्या युद्धानंतर रशियाच्या मध्यस्थीने भारत आणि पाकिस्तान तिथे बसले; शास्त्रीजींबरोबर आपले यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून होते. दोन्हीकडे 'नाही' म्हणण्याइतके बळ शिल्लक होते. जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड आपण परत केली, 10 जानेवारी 1966 रोजी सह्या झाल्या, त्याच रात्री शास्त्रीजी गेले. आणि सहा वर्षे पुरी व्हायच्या आत, 1971 मध्ये, पुन्हा तोफा सुरू झाल्या. तेव्हा बरोबरीने केलेला तह टिकतोच, असे नाही. लादलेला टिकत नाही, एवढेच मला सांगता येते, आणि तेही चाचरत.

हे सगळे ज्याने जवळून पाहिले असेल असा एक माणूस म्हणजे स्वतः भाऊ. सांगोल्याला वीस वर्षांचा असताना त्यांनी एका दुबळ्याचा होकार मिळवला होता. दहा वर्षांनी, तिशीचे असताना, ते पानिपतावर होते. 1760 च्या ऑगस्टात दिल्ली हाती आली, ऑक्टोबरात कुंजपुरा. तेव्हाही अयोध्येच्या शुजाउद्दौल्यामार्फत तहाची बोलणी चालू होतीच. भाऊंचे भवानीशंकर पंडित त्या खटपटीत होते. हात वर असताना केलेली बोलणी रेंगाळली. मग अब्दाली यमुना उतरून आला, नोव्हेंबरात दोन्ही लष्करे समोरासमोर ठाकली, आणि दक्षिणेची वाट बंद झाली. रसद तुटली. जनावरे मरू लागली. बुणग्यांत बायकामुले होती, यात्रेकरू होते.

आता भाऊंना तह हवा होता, मनापासून हवा होता. शुजाच्या पदरी काशीराज पंडित म्हणून दक्षिणी ब्राह्मण होता. त्याच्याकडे भाऊंची पत्रे जात होती. त्याने मागाहून फारसीत सारी हकीकत लिहून ठेवली आहे. शुजा तहाला अनुकूल, अब्दालीचा वजीरही अनुकूल. आडवा आला तो नजीबखान. त्याचे म्हणणे असे : आज हे अडचणीत आहेत म्हणून शपथा घेतील, शहा आपल्या मुलखात परतले की हेच पुन्हा येतील आणि आमचा सूड घेतील.

नजीबाला आपण शिव्या देतो, आणि त्या त्याने कमावलेल्या आहेत. पण त्या एका वाक्यापाशी मी अडतो. कोंडीत सापडलेल्या माणसाचा शब्द त्याने धरायचा तरी कसा? सांगोल्याचा कागद ज्यांनी दोन महिन्यांत फाटताना पाहिला, त्या आपण नजीबाला काय उत्तर देणार? रामराजाच्या जागी आज भाऊ उभे होते. त्यांचे 'हो' कितीही खरे असो, ते ज्या जागेवरून निघत होते त्या जागेने ते खोटे केले होते. दिल्लीतून, कुंजपुऱ्याहून तेच 'हो' निघाले असते तर त्याला वजन आले असते. पण हात वर असताना पुढे करावा हे कोणाला सुचते? मला माझ्या वर्गातही सुचले नव्हते.

14 जानेवारी 1761 ची पहाट. काशीराज सांगतो की भाऊंची शेवटची चिठ्ठी त्याच्या हाती आली. काही करता येण्यासारखे असेल तर आत्ताच करा, यापुढे लिहाबोलायला वेळ नाही, अशा अर्थाची. चिठ्ठी शुजाला वाचून दाखवायची एवढेच त्याच्या हाती होते. ते होते न होते तोच मराठी लष्कर बाहेर पडल्याची बातमी आली.

लढाई सरल्यावर काशीराज रणांगणात प्रेते शोधत हिंडला. विश्वासरावांचा देह सापडला, भाऊंचाही ओळखला गेला. ते देह अब्दालीच्या लोकांकडून मागून घ्यायला शुजाने रदबदली केली, आणि ती मान्य झाली. दोघांनाही अग्नी मिळाला.