मुलगा परक्याचं धन

संयुक्त अरब अमिरातीत लग्न न झालेली मुलगी कितीही वर्षं वडिलांच्या व्हिसावर राहू शकते. तिशी उलटली तरी तिला कोणी विचारत नाही. मुलाला मात्र वयाची अट आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत ती १८ वर्षांची होती. शिक्षण चालू असल्याचा दाखला दिला तर थोडी सवलत मिळे, एवढंच. आता ती २५ झाली आहे, आणि तीही लग्न झालेलं नसेल तर. तोवर पोरानं नोकरी धरायची, स्वतःच्या नावावर व्हिसा करून घ्यायचा, नाहीतर बॅग भरायची. मग तो इथल्याच दवाखान्यात जन्मलेला असो की इथल्याच शाळेत बारावीपर्यंत शिकलेला असो. इथं जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळत नाही.

नियम करणाऱ्यांच्या डोक्यात काय असेल याचा अंदाज करणं अवघड नाही. बाईमाणूस कोणाच्या तरी आधारानं राहणार, पुरुषानं कमवायचं. आपल्या घरांतही पिढ्यान्‌पिढ्या हेच मानलं गेलं. फक्त आपण त्यातून नेमका उलटा निकाल काढला. मुलगी परक्याचं धन, ती जाणार. मुलगा वंशाचा दिवा, तो राहणार. इथं आलेल्या मराठी कुटुंबांना हे दोन निकाल एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर भेटतात. मला दोन मुलगेच आहेत, त्यामुळे आमच्या घरी जाणारेच तेवढे आहेत.

अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यातली मराठी माणसं मल्याळी शेजाऱ्यांच्या मानानं थोडी, पण करामा, बर दुबई, कुसैस, शारजा, अबू धाबी इथं कुठल्याही इमारतीच्या लिफ्टमध्ये ‘कुठले तुम्ही?’ विचारणारं कोणीतरी भेटतंच. या घरांत मुलगा वाढताना दोन पंचांगं शेजारीशेजारी टांगलेली असतात. एकात बारसं, जावळ, बोरन्हाण, मुंज. दुसऱ्यात १२० दिवस, १५ वर्षं, १८ वर्षं, २५ वर्षं. बाळ जन्मल्यापासून १२० दिवसांत त्याचा निवासी व्हिसा झाला पाहिजे, नाहीतर दंड सुरू होतो. त्याआधी भारतीय वकिलातीत जन्मनोंद, मग पासपोर्ट, आणि पासपोर्टसाठी डोळे उघडे ठेवलेला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो. तीन आठवड्यांच्या बाळाला पांढऱ्या चादरीवर ठेवून चार माणसं खुळखुळे वाजवत उभी आहेत, हा इथल्या प्रत्येक घराचा पहिला कौटुंबिक सोहळा. सही करता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा तर मुलाचा डावा, मुलीचा उजवा. पुढं १५ व्या वर्षी ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे, १८ झाल्यावर व्हिसाच्या नूतनीकरणाला रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला औक्षण केलं आणि म्हणाल्या, ‘चला, आता याची मेडिकल.’

पहिल्या पंचांगातले विधी पार पाडायचे तर नातेवाईक लागतात, आणि ते नेमके विमानाच्या तिकिटापलीकडे असतात. बारशाला नाव ठेवणारी आत्या ठाण्यात, जावळाला मांडी देणारा मामा सांगलीत. मग चौथ्या मजल्यावरची शेजारीण आत्या होते आणि ऑफिसमधला सहकारी मामा. ही नाती तात्पुरती मानली जातात, पण टिकतात चांगली. सख्ख्या मामापेक्षा या मामानं पोराला जास्त वेळा शाळेतून आणलेलं असतं. समारंभाचा दिवस सुट्टीवर ठरतो, आणि सुट्टीचा वारही इथं बदलत आला. २००६ पर्यंत गुरुवार-शुक्रवार, मग शुक्रवार-शनिवार, २०२२ च्या जानेवारीपासून शनिवार-रविवार. जुन्या दुबईकरांचे वाढदिवसांचे अल्बम पाहिले तर तारीख कुठलीही असो, केक शुक्रवारीच कापलेला.

बोरन्हाणाचं मात्र इथं जमून जातं. संक्रांत ते रथसप्तमी हे इथले सगळ्यात सुखाचे दिवस, उद्यानात सतरंजी टाकून बसावं असे. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने दादरहून किंवा पुण्याहून कोणीतरी आणतं. बोरं इथं मिळतात. सिद्र नावाचं इथलं मूळचं झाड आपल्या बोरीच्याच कुळातलं, आणि त्याची फळंही चवीनं खाल्ली जातात. शाबान महिन्याच्या मध्यावर इथली अमिराती मुलं ‘हक अल लैला’ साजरी करतात. रंगीत कपडे घालून, गळ्यात पिशव्या अडकवून दारोदार गोड खाऊ आणि सुका मेवा गोळा करत फिरतात. आमच्या धाकट्याला बोरन्हाण आणि हक अल लैला यांत फार फरक वाटला नव्हता. एकात खाऊ डोक्यावरून ओततात, दुसऱ्यात पिशवीत टाकतात.

मुंजीला मात्र सगळं अडतं. अमिरातीतल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे बरोबर चातुर्मासात. हिवाळ्याची सुट्टी डिसेंबरात, तेव्हा उत्तरायण लागलेलं नसतं. उरतात ते मार्चअखेरचे थोडे दिवस, वार्षिक परीक्षा आणि नवं वर्ष यांच्यामधले. त्यात डोंबिवलीचं कार्यालय, गुरुजी आणि विमानाची तिकिटं एकदम जुळली तर बटू घोड्यावर. याच वेळापत्रकामुळे इथल्या मुलांचं आजोळही वेगळं झालं आहे. मे महिन्यातलं कोकण, आंब्याची अढी, दुपारी पत्ते, हे त्यांनी पाहिलेलंच नाही. त्यांना आजोळ म्हणजे पाऊस, ओली कौलं आणि न वाळणारे कपडे.

मुंज सगळ्या मराठी घरांत होत नाही, मुलींची तर जवळजवळ कुठेच होत नाही, तेव्हा ती हुकल्याबद्दल गळा काढण्याचं कारण नाही. पण तिच्याकडे जरा निरखून पाहावं. हा विधी मुलगा घर सोडून जाण्याचा आहे. मातृभोजनात आईच्या ताटातला शेवटचा घास, मग दंड, झोळी, भिक्षा आणि गुरुगृही प्रस्थान. आपण त्याचं नाटक करून टाकलं. सकाळी गेलेला बटू संध्याकाळी बुफेच्या रांगेत असतो. सोडमुंजीत तो काशीला निघतो तेव्हा मामा त्याला मुलगी देण्याचं आमिष दाखवून परत आणतो. म्हणजे मुलगा जातो, हे आपल्या परंपरेला चांगलं ठाऊक होतं. मधल्या काळात आपण त्याला मामाकरवी वळवून घेतलं आणि जाण्याचं काम बहिणीकडे सोपवलं. अमिरातीत ते पुन्हा त्याच्याकडे आलं आहे, आणि वाटेत मामा उभा नाही.

मुलगी जाणार हे गृहीत धरल्यावर आपल्याकडच्या आयांनी तिच्यासाठी एक अख्खा अभ्यासक्रम तयार केला होता. ‘उद्या सासरी जायचंय’ या एका वाक्याखाली पोळीचा आकार, चार माणसांत बसणं, परक्या घरात जमवून घेणं, आपली वस्तू सांभाळणं, पत्र लिहिणं असं सगळं येई. त्या वाक्यानं मुलींना पुष्कळ छळलं. माझ्या पिढीलाही छळलं. पण त्यातून मुली कुठेही टाकल्या तरी उभ्या राहणाऱ्या झाल्या, हेही खरं. मुलगा जाणार हे आता तितकंच ठरलेलं असताना त्याच्यासाठी असा अभ्यासक्रम कुठं आहे?

बऱ्याच घरांत तो अकरावीच्या सुमारास घाईघाईनं सुरू होतो. कुकर कसा लावायचा, वरणाला किती पाणी, इस्त्री, वॉशिंग मशीन. जणू होस्टेलचा क्रॅश कोर्स. घरातलं काम हे त्याचं काम आहे म्हणून नव्हे, तर पुढं उपाशी राहू नये म्हणून. मला हे अपुरं वाटतं. कारण इथलं बालपण फार सुरक्षित आणि फार गुळगुळीत असतं. स्कूल बस दारात येते, सामान फोनवरून घरी येतं, भांडी घासायला कोणीतरी पार्टटाइम येतं. मे ते सप्टेंबर बाहेर खेळण्याची सोय नाही, म्हणून पोरं मॉलमध्ये किंवा इमारतीच्या व्हरांड्यात, वॉचमन हाकलेपर्यंत. १७ वर्षांचा मुलगा दहा विमानतळ ओळखतो, पण एसटीत चढलेला नसतो. बँकेत गेलेला नसतो. कोणाशी भांडून स्वतःची रांगेतली जागा राखलेली नसते. मग तो पुण्यात कर्वेनगरच्या खोलीवर येतो आणि पहिल्याच आठवड्यात रिक्षावाला, घरमालक आणि मेसवाल्या काकू मिळून त्याचं राहिलेलं शिक्षण पूर्ण करतात. मराठी बोलतो म्हणून तो तिथलाच, असं सगळे धरून चालतात. तोच तेवढा धरत नाही.

बापांचं काय? बाप इथं उशिरा घरी येतो. शारजातून दुबईला नोकरीला जाणाऱ्याची संध्याकाळ रस्त्यावर संपते. मुलाशी त्याचं बोलणं बहुतेक क्रिकेटवर. १९९८ च्या एप्रिलमध्ये शारजात सचिननं दोन दिवसांच्या अंतरानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ आणि १३४ केले, १४३ च्या डावात मधेच वाळूचं वादळ येऊन गेलं, ही कथा इथल्या मराठी घरांत मुलाला कधीतरी सांगितली जातेच. स्टेडियमवरून गाडी नेताना वेग कमी करून सांगितली जाते. ठीक आहे, पण बापानं मुलाला घर सोडून जाण्याबद्दल काही सांगावं तर तो स्वतः कधीकाळी घर सोडून आलेला आहे. नेमकं त्याबद्दल तो बोलत नाही. पहिल्या खोलीत सहा जण कसे राहिलो, आईचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन का बोलायचो, हे मुलांना वडिलांच्या मित्रांकडून कळतं, गणपतीच्या आरतीनंतर, प्रसादाच्या द्रोणांबरोबर. गणपतीला इथं सुट्टी नसते, विसर्जन बहुतेक घरी बादलीतच होतं. पण ती संध्याकाळ पोरांना बापाचा पूर्वेतिहास कळण्याची जागा आहे, आणि मला आरतीइतकंच तिचं मोल वाटतं.

आतापर्यंत लिहिलं ते ज्यांना कुटुंब आणता येतं त्यांच्याबद्दल. त्यासाठी महिन्याला ४००० दिरहम पगार लागतो, किंवा ३००० आणि राहायची जागा. त्याखालचा माणूस इथं ‘बॅचलर’ म्हणवला जातो, गावी बायको आणि तीन मुलं असली तरी. महाड, म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोली या पट्ट्यातल्या, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांत, बाप आखातात आणि मुलगा गावात, ही रीत दोन-तीन पिढ्यांची आहे. तिथं बिस्मिल्लाची दावत, शाळेचा पहिला दिवस, दहावीचा निकाल हे सगळं फोनच्या पडद्यावर. इथं व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, म्हणून बोटिम. बाप दोन वर्षांनी महिनाभर येतो तेव्हा घरात पाहुणा असतो. शिस्त लावायला जावं तर आजी मधे पडते, लाड करावेत तर सुट्टी संपते. आणि हा मुलगा विशीत आला की बरेचदा तोच विमानात बसतो आणि बापाच्या खोलीत, बापाच्या वरच्या बंकवर येऊन झोपतो. पगारदारांची मुलं ज्या वयात अमिरातीतून निघतात, त्याच वयात ही मुलं अमिरातीत येतात. बाप-लेक पहिल्यांदा एका छपराखाली राहतात ते इथं. इथल्या मराठी मंडळांच्या स्मरणिकांत या बाप-लेकांचे फोटो मला क्वचितच दिसले.

जाणं आता पूर्वीइतकं अटळही राहिलेलं नाही. बिट्स पिलानी आणि मणिपाल २००० सालापासून दुबईत आहेत. आयआयटी दिल्लीनं २०२४ मध्ये अबू धाबीत बी.टेक. सुरू केलं. भारतात शिकायचं तर एनआयटींसारख्या संस्थांत आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत, आणि नीटची परीक्षा २०२१ पासून दुबईत देता येते. पूर्वी बारावीनंतर जुलैमध्ये जी इमारत पोरांवाचून ओस पडायची, ती आता पडत नाही. अटही १८ वरून २५ वर गेली. आयांनी सात वर्षं मिळवली, असं म्हणायला हरकत नाही.

गोल्डन व्हिसा मिळालेल्यांना तर तीही अट नाही. २०१९ पासून सुरू झालेल्या या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर मुलगा कितीही वयाचा असला तरी आईबापांच्या नावावर राहू शकतो. आमच्या परिचयात असं एक घर आहे. थोरली मुलगी लग्न होऊन टोरांटोला गेली. धाकटा २७ चा, चांगल्या नोकरीत, आईवडिलांजवळच. अकरावीत असताना आईनं त्याला पोळ्या शिकवायला घेतल्या होत्या, गोलही जमायला लागल्या होत्या. मग व्हिसा आला. परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा तो टेबलावर बसून होता आणि आई गरम पोळी वाढत होती. मी त्याच्या पोळ्यांची चौकशी केली, तर वहिनी हसून म्हणाल्या, ‘अगं, आता त्याला कुठं जायचंय?’