भीड आणि अग्निबाण

'लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' हा वाक्प्रचार मराठी माणूस बहुधा उपहासाने वापरतो. कोणी सांगितले नसताना, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, घरचे खाऊन लोकांचे काम अंगावर घेणाऱ्याला उद्देशून तो उच्चारला जातो. परंतु ग्रंथालये, व्याख्यानमाला, गिर्यारोहण संस्था, आकाशदर्शनाची मंडळे ही सारी अशाच भाकऱ्या भाजणाऱ्यांच्या बळावर चालतात, हेही तितकेच खरे आहे. या कार्यकर्त्यांच्या नीतीचा विचार मात्र आपल्याकडे क्वचितच होतो. जे काम निःस्वार्थ आहे ते आपोआपच नैतिक असते, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत टिकते ते पाहण्यासाठी, जेथे चूक थेट विस्तवाशी गाठ घालते असे एक क्षेत्र मी येथे निवडले आहे. ते क्षेत्र म्हणजे स्वयंसेवकांनी चालविलेले हौशी अग्निबाण मंडळ.

या छंदाचा जन्मच मुळी सुरक्षिततेच्या चिंतेतून झाला. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्विल कार्लाईल नावाचे जोड्यांचे एक दुकानदार होते. १९५४ च्या सुमारास त्यांनी आपल्या भावासाठी कागदी नळीचा, एकदाच वापरायच्या छोट्या इंजिनावर उडणारा आणि छत्रीच्या आधाराने हळुवार खाली उतरणारा अग्निबाण तयार केला. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र-चाचणी केंद्रात काम केलेल्या हॅरी स्टाईन यांच्याशी १९५७ मध्ये त्यांचा संबंध आला. त्याच वर्षी स्पुतनिक आकाशात गेला आणि घरोघरची मुले लोखंडी नळ्यांत मिळेल ते रसायन ठासू लागली. बोटे, डोळे, क्वचित प्राणही गेले. स्टाईन यांनी या मुलांना अग्निबाण उडवू नका असे सांगितले नाही. ते कसे उडवावे याचे नियम घालून दिले. शरीर कागदाचे, लाकडाचे वा प्लास्टिकचे, धातूचे नव्हे. इंजिन तयार व तपासलेलेच. पेटवणे विजेच्या कळीने आणि दुरून. बाण पेटला नाही तर सुरक्षा-किल्ली काढून घ्यावी आणि किमान एक मिनिट कोणीही जवळ जाऊ नये. उड्डाणापूर्वी मोठ्याने उलटी गणती करावी. आणि मैदानावर एक माणूस असा असावा, की ज्याने 'नाही' म्हटले की ते नाहीच.

हे नियम समजायला सोपे आहेत. प्रश्न असा, की स्वयंसेवकांच्या मेळाव्यात ते पाळणे अवघड का जाते?

त्याचे उत्तर शोधताना मला पानिपताची आठवण होते, आणि ती केवळ लष्कराच्या भाकऱ्यांमुळे होत नाही. अठराव्या शतकातील मराठी फौजांत तोफांबरोबर बाणही असत. दारूच्या नळीला काठी बांधून सोडलेले ते आजच्या अग्निबाणाचेच पूर्वज. परंतु १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसाकडे शस्त्रांपेक्षा माणसांच्या अंगाने पाहिले, तर दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, त्या सैन्याबरोबर उत्तरेतील तीर्थे पाहण्यासाठी निघालेले यात्रेकरू होते, बायकामुले होती, बाजारबुणगे होते. लढाईचा निर्णय त्यांनी घेतलेला नव्हता. निर्णयाचा परिणाम मात्र त्यांच्या वाट्याला पुरेपूर आला. दुसरी गोष्ट मराठी इतिहासलेखनात पुनःपुन्हा सांगितली जाते. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा मारा प्रभावी ठरत असताना आपल्याच बाजूचे काही घोडदळ ठरलेली जागा सोडून आवेशाने पुढे धावले आणि तोफांच्या तोंडाशी आले. हा आवेश भ्याडपणाच्या नेमका विरुद्ध टोकाचा होता. तो घातक ठरला तो हेतूमुळे नव्हे, जागा सुटल्यामुळे.

त्याच पानिपतच्या परिसरात एखाद्या मोकळ्या शेतात अग्निबाणाची हौशी मंडळी जमली आहेत, असे आज कल्पू या. बाण उडविणारा स्वतःच्या बोटांचा धोका पत्करू शकतो. प्रौढ माणसाला तेवढे स्वातंत्र्य असावे. पण बांधापलीकडे शेजाऱ्याचा गहू पिकून उभा आहे. पलीकडून विजेच्या तारा गेल्या आहेत. तमाशा पाहायला गावातली पोरे धावत आली आहेत. या कोणाचीही संमती घेतलेली नाही. धोका पत्करणे हा सद्गुण असेल तर तो स्वतःच्या धोक्यापुरताच. दुसऱ्याच्या वतीने पत्करलेल्या धोक्याला धैर्य म्हणता येत नाही. येथे निःस्वार्थता काहीच कामाला येत नाही. आपण पैसे घेतले नाहीत, एवढ्यावरून शेजाऱ्याच्या जळलेल्या पिकाचे उत्तरदायित्व कमी होत नाही. उलट, हे काम आपल्यावर कोणी लादलेले नव्हते, ते आपण होऊन घेतले, म्हणून ते वाढतेच.

इतके मान्य केले तरी खरी अडचण पुढेच आहे. समजा, सकाळपासून उन्हात उभे राहून, पदरचे पैसे खर्चून, एका ज्येष्ठ सभासदाने अग्निबाण सिद्ध केला आहे. मंडळाची जागा त्यांनीच मिळवून दिली आहे. वारा वाढतो आहे. मैदानाची जबाबदारी असलेला वीस वर्षांचा तरुण ते पाहतो आहे. कारखान्यात तो कदाचित बोलला असता, कारण तेथे बोलणे हे त्याचे पगारी काम असते. येथे तो गप्प बसतो. 'काका एवढे करतात, त्यांना कसे सांगायचे?' या मनःस्थितीला मराठीत एक अचूक शब्द आहे: भीड. भीती वेगळी आणि भीड वेगळी. भीतीत समोरच्याच्या शक्तीची जाणीव असते, भिडेत त्याच्या उपकाराची. म्हणूनच भीतीवर मात करणे आपण धैर्य मानतो, आणि भीड मोडणे मात्र कृतघ्नपणा. 'भीड भिकेची बहीण' अशी म्हण आपल्या पूर्वजांनी केली ती व्यवहाराच्या संदर्भात. पण स्वयंसेवी कामात ही बहीण पैशापेक्षा मोलाचे काही हिरावून नेऊ शकते. जेथे पगार नसतो तेथे कृतज्ञता हेच चलन असते, आणि त्या चलनाने नकार विकत घेतला जातो.

ही केवळ हौशी मंडळींची दुर्बलता आहे, असे म्हणून सुटता येणार नाही. पानिपतहून उत्तरेकडे अवघ्या तासाभराच्या वाटेवर कर्नाल आहे. कल्पना चावला त्या गावच्या. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यान उडाले, तेव्हा सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असताना काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मिळवावीत अशी मागणी केली. ती तडीस गेली नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान भंगले आणि सातही जण गेले. चौकशी मंडळाच्या अहवालाने फेसाच्या तुकड्याइतकाच दोष संस्थेच्या वृत्तीला दिला. त्यात एक निरीक्षण नीतिविचाराच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. 'सुरक्षित आहे' हे सिद्ध करण्याचा भार उडविणाऱ्यांवर असावयास हवा होता; प्रत्यक्षात 'असुरक्षित आहे' हे सिद्ध करण्याचा भार शंका घेणाऱ्यांवर पडला. फेस यापूर्वीही सुटला होता, आणि याने परतली होती. दर वेळी निभावून गेलेली चूक हळूहळू रीत होऊन बसते. अफाट साधने व पगारी तज्ज्ञ असलेल्या संस्थेत हे घडत असेल, तर रविवारच्या सकाळी जमणाऱ्या मंडळाने स्वतःला अपवाद समजू नये.

यावर एक सरळ उपाय सुचविला जाईल, तो बंदीचा. भारतात १८८४ चा विस्फोटक कायदा आहे, २००८ चे विस्फोटक नियम आहेत, आणि ते सांभाळणाऱ्या 'पेसो' या संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. घरी दारू कालवून बाण भरणे हा आपल्याकडे छंद नव्हे, परवान्याशिवाय केला तर तो गुन्हा होय. आणि ते योग्यच आहे. शाळांतून पाणी व दाबलेली हवा यांवर उडणारे बाटलीचे बाण लोकप्रिय आहेत ते काही अंशी यामुळेच. परंतु बाटलीही फुटते आणि डोळा तिनेही जातो. कायदा पदार्थ रोखू शकतो; मैदानावरची भीड तो रोखू शकत नाही. शिवाय, बंदीने जिज्ञासा मरत नाही, ती न्हाणीघराच्या आडोशाला जाते. स्टाईन यांनी ओळखले होते ते हेच. आणि कर्नालचीच दुसरी बाजू पाहावी: त्या लहानशा गावात एक फ्लाइंग क्लब होता, त्याची विमाने एका मुलीच्या घरावरून जात. आकाश हे आपलेही असू शकते ही जाणीव असल्या हौशी संस्थाच मुलांना देतात. ती दारे बंद करून आपण सुरक्षित होऊ, पण लहानही होऊ.

म्हणून नियमांकडे वेगळ्या नजरेने पाहावे असे मला वाटते. नियम म्हणजे माणसावरचा अविश्वास, अशी आपली समजूत असते. विशेषतः सेवाभावी कामात 'आपल्या माणसांत कागद कशाला' असे म्हटले जाते. वस्तुतः आपल्या माणसांतच कागदाची अधिक गरज असते. वाऱ्याची मर्यादा आधीच लिहून ठेवलेली असेल, तर तो तरुण काकांना नकार देत नसतो. तो फक्त लिहिलेले वाचून दाखवीत असतो. व्यक्तीचा अवमान न करता व्यक्तीला थांबविण्याची सोय, हे नियमाचे सर्वांत मानवी रूप आहे. भिडेवर त्याहून चांगला उतारा सौजन्यशील समाजाला सापडलेला नाही.

पण कागदही पुरेसा नाही. कोणत्याही सभासदाने, अगदी काल आलेल्या मुलीनेही, 'थांबा' म्हटले तर उलटी गणती थांबली पाहिजे, आणि तिने कारण आधी सिद्ध करावे अशी अट नसावी. तिची शंका फोल ठरेल, पुष्कळदा ठरेलच. त्या वेळी मंडळ काय करते, यावर त्याची नैतिक परीक्षा आहे. लोक हसले, किंवा कोणी 'दहा मिनिटे फुकट गेली' असे पुटपुटले, तर पुढच्या वेळी, जेव्हा शंका खरी असेल, ती मुलगी बोलणार नाही. उलट ज्या ज्येष्ठाचा बाण थांबला, त्यानेच तिचे आभार मानले, तर त्या दहा मिनिटांत मंडळाने काहीतरी कमावले असे समजावे.

लष्कराच्या भाकऱ्या भाजणे हे वेडेपण असेल, तर ते समाजाला हवेच आहे. एवढेच पाहावे, की चुलीतला विस्तव शेजारच्या गव्हात जाऊ नये. आणि तो जाताना दिसला, तर भाजणाऱ्याचे उपकार स्मरून कोणी गप्प बसू नये.