पाणी ओलं असतं का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १०.
भावार्थ असा : जो आसक्ती सोडून आपली सगळी कर्मं ब्रह्माला अर्पण करतो, त्याला पाप चिकटत नाही. कमळाचं पान पाण्यात असूनही पाण्याने भिजत नाही, तसं.

मंडळी, गेल्या रविवारी साताऱ्याला ताईकडे गेलो होतो. जेवण चालू असताना आठवीतल्या भाच्याने मध्येच विचारलं, "मामा, पाणी ओलं असतं का?" शाळेत यावरून म्हणे वर्गात दोन पार्ट्या पडल्या आहेत. दाजी म्हणाले, "ओलं नाही तर काय कोरडं असतं?" भाचा तयारीतच होता. "पाणी लागल्यावर वस्तू ओली होते. मग पाण्याला काय लागतं?" दाजींनी भाजीची वाटी पुढे ओढली आणि माझ्याकडे बघितलं. घरात इंजिनिअर मीच, त्यामुळे उत्तराची जबाबदारी माझी.

मी कॉलेजात शिकलेलं सांगितलं. द्रव पदार्थ घन पृष्ठभागाला धरून पसरला, की तो पृष्ठभाग ओला झाला असं म्हणतात. इथे दोन ओढी एकमेकींशी झगडत असतात. एक पाण्याच्या कणांची एकमेकांकडे असलेली ओढ, दुसरी त्याच कणांची समोरच्या वस्तूकडे असलेली ओढ. दुसरी जिंकली तर थेंब पसरतो, पहिली जिंकली तर थेंब गोळा होऊन बसतो. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं. अळूच्या पानावर त्याचे मोती होतात, कारण पानावर मेणासारखा थर आणि अगदी बारीक उंचवटे असतात. कमळाच्या पानाचंही तेच. या हिशेबाने 'ओलं' ही दोन वस्तूंच्या भेटीत घडणारी गोष्ट आहे. एकटं पाणी ओलंही नाही आणि कोरडंही नाही.

भाचा खूश. त्याची पार्टी जिंकली. मला मात्र रात्री झोप येईना. कारण आपल्या शास्त्रांनी हाच प्रश्न घेतला आहे, आणि त्यांचं उत्तर वेगळं आहे.

अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' हे सतराव्या शतकातलं न्याय-वैशेषिकाचं छोटंसं पाठ्यपुस्तक. पाठशाळेत तर्कशास्त्राची सुरुवात आजही त्यानेच होते. त्यात एकूण चोवीस गुण सांगितले आहेत. त्यातला एक गुण फक्त पाण्यात राहतो असं ते म्हणतात, आणि त्याचं नाव आहे 'स्नेह'. त्याची व्याख्या चक्क स्वयंपाकघरातली आहे : सुट्या पिठाचा गोळा ज्याच्यामुळे होतो, तो स्नेह. ज्याने परातीत ज्वारीचं पीठ मळलेलं पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पीठ कितीही दाबा, मुठीतून निसटतं. पाणी घातलं की कण एकमेकांना धरतात आणि भाकरी थापता येते. मग तेल-तुपाचा चिकटपणा कुठून आला? तार्किकांनी ही शंकाही सोडलेली नाही. ते म्हणतात, तेलात जो पाण्याचा अंश आहे, त्याचाच तो स्नेह.

आणखी एक भेद मला फार आवडतो. पातळपणा, म्हणजे द्रवत्व, दोन प्रकारचं. पाण्याचं द्रवत्व स्वाभाविक. तुपाचं नैमित्तिक, म्हणजे आच लागली की वितळणार, आच गेली की पुन्हा थिजणार.

म्हणजे शास्त्राच्या मते भिजवणारा गुण पाण्याचा स्वतःचा आहे. टॉवेलचा ओलेपणा उसना आहे, म्हणून टॉवेल वाळतो. पाणी वाळत नाही. ते उडून जातं आणि कुठेतरी पुन्हा पाऊस होतं. खरं तर दोन्ही उत्तरांत भांडण नाहीच. भौतिकशास्त्र ओलं होण्याच्या घटनेबद्दल बोलतंय, तर्कशास्त्र भिजवण्याच्या स्वभावाबद्दल.

आता मला झोप का येईना, ते सांगतो.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर गावभागात. आई-बाबा वेळेत विश्रामबागेत मामाकडे गेले, जिवाला काही झालं नाही. मी पुण्यात. ऑफिसात रिलीज होतं. रोज दोनदा फोन करायचो, पैसे पाठवले, आमच्या सत्संगाच्या ग्रुपवर सगळ्यांनी मिळून सामूहिक जपही केला.

पाणी ओसरल्यावर आई घरी परतली आणि तिने फोन केला. खालच्या खोलीत गुडघाभर गाळ. आजीचं लाकडी कपाट फुगलेलं. देवघरातली गुरुचरित्राची पोथी, जिची तिने कितीतरी पारायणं केली होती, तिचा लगदा झालेला. ती रडायला लागली. त्या दिवसांत मी गीता नव्यानेच नेमाने वाचत होतो. मी म्हणालो, "आई, वस्तूच आहेत त्या. आसक्ती सोड. कमळाच्या पानासारखं राहायचं असतं." हाच आजचा श्लोक, मंडळी.

आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बरं. ठेवते."

मी दोन आठवड्यांनी गेलो. तोवर शेजारच्या काकूंनी आईबरोबर अख्खं घर खराट्याने धुऊन काढलं होतं. काकूंचं स्वतःचं घरही बुडालेलंच. तरी आधी इथे येऊन त्या आईजवळ बसल्या, दोघी रडल्या, आणि मग पदर खोचून उठल्या. जेवताना आई सहज बोलल्यासारखं म्हणाली, "पुरात सगळं ओलं झालं रे. तुझा आवाज तेवढा कोरडा होता."

ते वाक्य अजून माझ्याजवळ आहे.

त्या दिवशी मी श्लोक चुकीचा वाचला होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. श्लोक पुन्हा नीट बघा. कमळाच्या पानाला काय चिकटत नाही असं म्हटलंय? पाप. माणसांचं दुःख त्याला लागत नाही, असं तिथे कुठेच नाही. शिवाय तो श्लोक कर्म करणाऱ्याबद्दल आहे, लांब बसून सल्ला देणाऱ्याबद्दल नाही. कमळाचं पान तळ्यात असतं, त्याचं देठ चिखलातून येतं. माण तालुक्यातल्या माळावर उन्हात पडलेला दगडही कोरडाच असतो, पण त्याला कुणी अलिप्त म्हणत नाही. मी पुण्यात बसून दगडाचा कोरडेपणा कमळाच्या नावावर खपवत होतो.

बाराव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या लाडक्या भक्ताची लक्षणं सांगितली आहेत. तेराव्या श्लोकात सुरुवातीलाच द्वेष नसणं, मैत्री आणि करुणा येते. ममत्व नसणं आणि अहंकार नसणं त्याच श्लोकात, पण त्यानंतर. मी थेट 'निर्मम'वर उडी मारली होती. आधीचं गाळून.

आणि तो सामूहिक जप? जपाला मी कमी लेखत नाही. पण अळूच्या पानावरचा थेंब आठवा. त्याचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की तो सुंदर गोल दिसतो, चमकतो, आणि खालच्या पानाला भिजवत नाही. आमचा ग्रुप त्या आठवड्यात तसा होता. एकमेकांना धरून, छान गोल. सांगलीला त्यातला एकही माणूस गेला नाही. मीसुद्धा नाही, जो सांगलीचाच.

इथे कुणी म्हणेल, प्रत्येकाच्या दुःखात भिजत बसलो तर बुडून जाऊ. ही शंका खरी आहे. सज्जनगडावर राहिलेल्या समर्थांनी दासबोधात पाण्याला तारणारंही म्हटलंय आणि मारणारंही. ज्या मिरजेतून एप्रिल २०१६ मध्ये दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली पाणी-रेल्वे तहानलेल्या लातूरला गेली, त्याच मिरजेच्या आसपासची गावं तीन वर्षांनी पुराखाली होती. पिठातसुद्धा पाणी जास्त झालं तर भाकरी होत नाही. काकूही रडत बसल्या नाहीत, उठून खराटा घेतला. अलिप्तपणा लागतोच, पण तो उठून कामाला लागण्यासाठी. 'ठेवते' म्हणायला लावण्यासाठी नाही.

माझा स्नेह तुपासारखा आहे, हे मला आता दिसतं. कीर्तनात वितळतो, वाडीला दक्षिणद्वाराच्या वेळी पादुकांवरून आलेलं पाणी अंगावर घेताना वितळतो, आणि सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंगपर्यंत थिजतो. पाण्याचं तसं नाही. त्याला आच लागत नाही. बर्फाबद्दलही तार्किक म्हणतात की त्याचं द्रवत्व गेलेलं नसतं, फक्त अडलेलं असतं. यातच मला आशा वाटते. स्वभाव आत आहे, अडथळा काढायचा आहे.

सोमवारी निघताना भाच्याला म्हणालो, "तुझी पार्टी जिंकली, पण अर्धीच. पाण्याला कुणी ओलं करत नाही, हे खरं. पण ओलावा त्याच्याकडूनच येतो." तो म्हणाला, "म्हणजे मॅच ड्रॉ?" मी म्हटलं, "ड्रॉ."

वाटेत कराडच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि आईला फोन केला. त्या पोथीबद्दल विचारलं, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. तिला ती कुणी दिली होती, कोणत्या पानावर कुणाचं नाव लिहिलेलं होतं, सगळं. ती पाऊण तास बोलली. मी एकही श्लोक सांगितला नाही.

आजची साधना : आज कुणी आपलं दुःख सांगितलं, तर उत्तर म्हणून लगेच वचन देऊ नका. आधी पूर्ण ऐका. मग विचारा, "मी काय करू?" आणि जे सांगतील, त्यातलं एक तरी आजच्या आज करा. रात्री झोपण्यापूर्वी हाच श्लोक पुन्हा वाचा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥