घोड्याला दिलेला घास

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत मिळून, ॲसटीग नावाचं बेट आहे. साठेक किलोमीटर लांब, चिंचोळं, वाळूचं. सायकलस्वारांचे गट सायकलला तंबू बांधून इथे मुक्कामाला येतात. वाटेत चढ नाही, पण समोरून वारा सुटला की सपाट रस्ताही घाम काढतो. खाडीवर मोटारींच्या पुलाशेजारी सायकलींसाठी वेगळा पूल आहे. तंबूच्या नेहमीच्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत, लांब खुंट्या ठोकाव्या लागतात. वारा पडला की डास फोडून काढतात.

आणि स्वयंपाकाचा वास सुटला की रानघोडे येतात.

या घोड्यांना हे बेट आज मोकळं आहे ते वादळामुळे. 1950च्या दशकात इथे हजारो भूखंड विकले गेले होते, बाल्टिमोर बुलेव्हार्ड नावाचा डांबरी रस्ताही झाला होता. मार्च 1962च्या वादळाने तो उखडला, घरं वाहून गेली. 1965 साली बेटाला राष्ट्रीय सागरकिनाऱ्याचा दर्जा मिळाला. त्या रस्त्याचे तुकडे वाळूच्या टेकड्यांमध्ये अजून दिसतात.

अशा मोकळ्या बेटावर सायकलवरून आलेल्या माणसाला वाटतं, आपण धूर केला नाही, आवाज केला नाही, म्हणजे आपला इथे कुणालाच उपद्रव नाही. हे समाधान त्याने कमावलेलं असतं आणि ते खोटंही नाही. पण घोड्याला सायकलची पिशवी आणि मोटारीतली टोपली यांत फरक कळत नाही. मोटारवाला रात्री खाणं गाडीत ठेवून कुलूप लावतो. सायकलवाल्याजवळ कुलूप लावायला जागाच नसते.

या घोड्यांचं मुख्य खाणं खाऱ्या दलदलीतलं गवत. पोटात इतकं मीठ जातं की ते भरपूर पाणी पितात आणि त्यांची पोटं फुगलेली दिसतात. माणसाच्या खाण्यावाचून त्यांचं काहीच अडत नाही. तरी कुणीतरी सफरचंदाची फोड पुढे करतं, फोटो काढतं. चटावलेला घोडा मग रस्त्यावर येऊन गाड्यांची वाट बघत उभा राहतो. काही घोडे गाडीखाली येऊन मरतात. चिप नावाच्या एका घोड्याला खाण्याची अशी सवय लागली की तो माणसांच्या अंगावर येऊ लागला. अखेर 2022 मध्ये त्याला बेटावरून हलवून टेक्सासमधल्या प्राण्यांच्या आश्रयस्थानात पाठवावं लागलं. बेट सोडण्याची शिक्षा झाली ती त्याला, ज्यांनी त्याला प्रेमाने भरवलं त्यांना नाही.

मराठी माणसाला हे पचायला जड जाईल. दारी आलेल्या गाईला घास द्यावा, भुकेल्याला विन्मुख पाठवू नये, हेच आपण लहानपणापासून ऐकतो. पण आपल्या घाटांतली माकडंही गाड्यांच्या काचांशी झोंबतात, ती अशाच दयाळू हातांमुळे. दारची गाय कुणाची तरी असते, तिच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते. रानातल्या जनावराला घास दिला तर पुढच्या परिणामांची जबाबदारी कोण घेणार? तीन तासांत सामान आवरून निघणारा पाहुणा तर नक्कीच नाही.

गटाने जाताना हा प्रश्न अधिक बिकट होतो. दहा जणांनी नियम पाळला आणि एकाने तंबूत बिस्किटांचा पुडा ठेवला, तर घोडा तोच तंबू फाडतो आणि माणसांकडे खाणं मिळतं हाच धडा शिकतो. जबाबदारी सगळ्यांची म्हटली की ती कुणाचीच राहत नाही, म्हणून ती नावानिशी वाटून घ्यावी लागते. पंक्चरचं सामान कोण घेणार हे निघण्याआधी ठरतं, तसंच जेवताना घोड्यांकडे लक्ष कोण ठेवणार, ते जवळ आले तर ताटं कोण उचलणार, हेही ठरायला हवं. त्यांच्यापासून निदान चाळीस फूट लांब राहायचा तिथला नियम आहे. शिवाय खाण्यासाठी कडक झाकणाचा, पट्ट्याने आवळता येईल असा डबा हवा. सायकलवर तो जड होतो, पण आळीपाळीने नेता येतो.