औदार्याची कृपा

शास्त्रपाठ : २ करिंथ, अध्याय ८ व ९



'स्वार्थी' हा शब्द आपण दुसऱ्याविषयी सहज वापरतो, स्वतःविषयी क्वचितच. आपल्या स्वार्थाला आपण अधिक सभ्य नावे देतो. कधी त्याला काटकसर म्हणतो, कधी मुलाबाळांची तरतूद, तर कधी उतारवयाची काठी. तरतूद करणे पाप नव्हे. मुंगीपासून शहाणपण शिकावे असे पवित्र शास्त्रच सांगते. परंतु तरतूद कोठे संपते आणि स्वार्थ कोठे सुरू होतो, ही सीमा आपल्या नजरेस येत नाही, कारण ती ओलांडताना आपल्याला कोणी हटकत नाही. चोरी केली तर मन टोचते. न दिल्याबद्दल मन टोचल्याचे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

करिंथ येथील मंडळीची स्थिती काहीशी अशीच होती. यरुशलेमातील गरीब पवित्र जनांसाठी प्रेषित पौल वर्गणी गोळा करीत होता. करिंथ हे दोन बंदरांमधील व्यापाराचे शहर. तेथे पैशाचा ओघ होता. तेथील विश्वासणाऱ्यांनी वर्षभरापूर्वी मोठ्या उत्साहाने या कामास होकार दिला होता. पुढे उत्साह ओसरला आणि काम अर्धवट राहिले. त्यांनी नकार दिला नव्हता. केवळ दिले नव्हते. स्वार्थाची ही नेहमीची रीत आहे. तो 'नाही' म्हणत नाही, 'पुढे पाहू' म्हणतो.

अशा मंडळीला पौल काय लिहितो? आपण हे आज्ञा म्हणून सांगत नाही, असे तो स्पष्ट करतो. तो त्यांना मासेदोनियातील मंडळ्यांची हकिकत सांगतो. त्या मंडळ्या संकटांनी गांजलेल्या होत्या, अठराविश्वे दारिद्र्यात होत्या. तरी त्यांनी आपल्या शक्तीपलीकडे दिले. एवढेच नव्हे, तर या सेवेत आम्हांलाही वाटा असू द्या, अशी त्यांनीच पौलाला गळ घातली. हे कसे घडले? या दोन अध्यायांतील काही शब्दांकडे लक्ष दिले असता त्याचा उलगडा होतो.

पहिला शब्द 'खारिस', म्हणजे कृपा. मूळ ग्रीक भाषेत हा शब्द या दोन अध्यायांत दहा वेळा येतो. मराठीत मात्र तो दहाही ठिकाणी एकाच शब्दाने मांडता येत नाही. देव देतो ती 'कृपा', मंडळीने गोळा केलेली वर्गणी हे 'कृपेचे कार्य', आणि देवाला म्हणावयाचे ते 'आभार', असे वेगवेगळे शब्द आपल्याला योजावे लागतात. त्यामुळे मराठी वाचकाच्या हातून एक धागा निसटतो. पौलाच्या दृष्टीने देवाकडून येणारी कृपा, आपल्या हातून गरिबाकडे जाणारे दान आणि गरिबाच्या मुखातून देवाकडे परतणारे आभार, हा एकच प्रवाह आहे. आपण त्या प्रवाहाचा उगम नव्हे. आपण केवळ पाट आहोत. पाटाने पाणी अडवून ठेवले तर ते कुजते आणि पुढचे शेत वाळते. जो धनवान असूनही आपल्यासाठी दरिद्री झाला, त्या प्रभू येशूकडे पौल या वर्णनाच्या मध्यभागीच बोट दाखवितो. कारण देण्याची सक्ती करून स्वार्थ मरत नाही. आपल्याला किती मिळाले आहे हे कळल्यावरच त्याची पकड सैल होते.

दुसरा शब्द 'हाप्लोतेस'. या अध्यायांत त्याचे भाषांतर 'औदार्य' असे होते, पण मूळ अर्थ 'सरळपणा, एकनिष्ठ निर्मळपणा' असा आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने ज्या निर्दोष डोळ्याविषयी सांगितले, तेथील विशेषणही याच कुळातील आहे. म्हणजे औदार्याचा आरंभ खिशात नसून दृष्टीत आहे. ज्याचा एक डोळा गरजवंताकडे आणि दुसरा लोकांच्या शाबासकीकडे असतो, त्याचे दान कितीही मोठे असो, ते अजून स्वार्थाच्याच हद्दीत असते. हंगामाच्या सणाच्या लिलावात बोली चढवताना, किंवा देणगीदारांच्या पाटीवर आपले नाव शोधताना, हा प्रश्न आपण मनाला विचारावा.

तिसरा शब्द 'समता'. पौल येथे रानातील मान्न्याची आठवण देतो. ज्याने पुष्कळ गोळा केले त्याचे काही अधिक झाले नाही, आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला काही कमी पडले नाही. सकाळपर्यंत साठवून ठेवलेल्या मान्न्यात मात्र किडे पडले. एकाने चैनीत राहावे आणि दुसऱ्याने उपाशी निजावे, हे देवाच्या घरात शोभत नाही.

"आमच्याजवळ आहेच काय?" असे कोणी म्हणेल. पौल सांगतो की, जवळ आहे त्या मानाने दिलेले देवाला मान्य होते. जे नाही त्याचा हिशेब तो मागत नाही. आपल्याच देशातील मिझोरम येथील ख्रिस्ती गृहिणींनी हे कृतीने दाखविले आहे. १९१० साली तेथे एक साधी प्रथा सुरू झाली. दर वेळी भात रांधताना, तांदूळ भांड्यात घालण्यापूर्वी, एक मूठ प्रभूसाठी बाजूला काढावयाची. असे जमलेले तांदूळ मंडळीत आणले जातात व त्यांच्या विक्रीतून सुवार्तेच्या कार्यास साहाय्य होते. ही मूठ जेवण उरल्यावर काढलेली नसते; चुलीवर भांडे चढण्यापूर्वीच काढलेली असते. आपण बहुधा सर्व खर्च भागल्यावर उरलेले देतो. उरलेले देऊन स्वार्थाला धक्का लागत नाही, कारण त्याचे जेवण आधीच झालेले असते.

एक इशाराही आवश्यक आहे. 'द्या, म्हणजे देव शतपट परत देईल', अशी शिकवण हल्ली पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. देव पेरणाऱ्याला बी पुरवितो, हे खरे. परंतु ते पुन्हा पेरण्यासाठी, कोठार भरण्यासाठी नव्हे. परतफेडीवर डोळा ठेवून दिलेले दान म्हणजे व्याजी लावलेली रक्कम. तेथे स्वार्थ मेलेला नसतो. त्याने केवळ उपासनेचे कपडे घातलेले असतात.

तेव्हा, प्रिय वाचकहो, काय करावे? मासेदोनियाच्या लोकांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिले. आरंभ तेथूनच करावा. मग या महिन्याचे उत्पन्न हाती येताच, इतर खर्चापूर्वी, त्यातील एक भाग बाजूला काढावा. जो परत देऊ शकणार नाही अशा एखाद्याची गरज गुपचूप भागवावी. आणि करिंथकरांप्रमाणे एखादा दिलेला शब्द अर्धवट राहिला असेल, तर तो आधी पुरा करावा.

करिंथकरांचे पुढे काय झाले? रोमकरांस पत्र लिहिताना पौल सांगतो की, मासेदोनियाबरोबर अखयानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी दिली. करिंथ हे अखयातीलच शहर. म्हणजे वर्षभर मिटलेली मूठ अखेर उघडली. ज्या कृपेने ती उघडली, ती आजही तीच आहे. ती आपल्या मुठीही उघडो. आमेन.