पहिला वार कुणाचा?



मिस्सेनंतर एका आईने आम्हाला विचारले, "फादर, मुलाला कराटेला घालू का? मारामारी तर नाही ना शिकणार?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडला आहे : हातात ताकद आली की माणूस अधिक हिंसक होतो की अधिक शांत?

गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) हे ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. १९२२ साली त्यांनी ही विद्या टोकियोत करून दाखवली. शिष्यांना त्यांनी वीस नियम घालून दिले. पहिला नियम आदराचा : कराटेची सुरुवात आणि शेवट नमस्काराने. दुसरा नियम : पहिला वार आपला नसावा. हे नुसते भिंतीवर लावायचे वाक्य नव्हे. त्यांच्या शोतोकान शैलीत नवशिके 'हेइआन' नावाच्या पाच काता, म्हणजे ठरावीक हालचालींचे संच, गिरवतात. पाचही कातांची सुरुवात वार अडवण्याने होते.

अॅरिस्टॉटलच्या मते सद्गुण ऐकून येत नाही, तो कृती गिरवून अंगी बाणतो. शौर्य ही भ्याडपणा आणि आततायीपणा यांच्या मधली वाट आहे. जो केवळ भीतीने हात आवरतो, त्याची शांती नाइलाजाची. ज्याला मारता येते आणि तरीही जो थांबतो, त्याने ती शांती निवडलेली असते. 'कराटे' म्हणजे रिकामा हात. फुनाकोशींना त्यात स्वार्थापासून रिते झालेले मनही अभिप्रेत होते.

पण शिस्त म्हणजेच सद्गुण, असे आपण समजू नये. १९३० नंतर जपानच्या लष्करशाहीने शाळांमधून ज्युदो, केंडो यांची शिस्त युद्धाच्या तयारीला जुंपली. नमस्कार तोच होता, हेतू बदलला होता.

म्हणून त्या आईला आम्ही म्हटले, "जरूर घाला. मात्र सर किती पदके मिळवून देतात यापेक्षा, हरलेल्या मुलाशी कसे वागायला शिकवतात ते आधी पाहा."

आणखी एक. घरी रागाच्या भरात बापाचा हात बायकोवर, पोरांवर उठत असेल, तर क्लासमधले शंभर नमस्कार मुलाला काय शिकवणार? पहिला वार आपला नसावा, हा नियम उंबरठ्याच्या आतही लागू आहे. आणि ज्याच्या हातात बळ नाही, त्याच्याकडेही जीभ असतेच. या आठवड्यात निदान एकदा, बोलण्याआधी आपण थांबून पाहू या.

आपले प्रमुख धर्मगुरू