काल्यातले दही आणि फळाची इच्छा

गोकुळाष्टमीचा उपवास ज्या काल्याने सुटतो तो पचायला हलका व्हावा, त्यातून हाडांना कॅल्शियम मिळावे, अशा हेतूने त्याचे घटक बदलले तर तो प्रसाद उरतो की नुसते पथ्य होते, हा प्रश्न स्वयंपाकघरातला वाटला तरी त्याच्या मुळाशी कर्म आणि फलेच्छा यांच्या नात्याचा जुना वाद आहे. देवाच्या कार्यात देहाचा हिशेब आणू नये, अशी एक सोवळी समजूत भाविक घरांत रूढ आहे. पण वेदातील विधिवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या ज्या मीमांसादर्शनाने कर्माचा सर्वांत काटेकोर विचार केला, त्याला ती पटण्यासारखी नाही.

यज्ञ सांग पार पडण्यासाठी जे लागते ते क्रत्वर्थ आणि करणाऱ्याला हवे असलेले फळ ज्यातून मिळते ते पुरुषार्थ, असा भेद मीमांसक करतात. अग्निहोत्र म्हणजे सकाळ-संध्याकाळ अग्नीत द्यावयाची नित्य आहुती. ज्याला इंद्रियांचे सामर्थ्य हवे असेल त्याने ती दह्याची द्यावी, असा विधी वेदात आहे आणि जैमिनीच्या सूत्रांवरील शाबरभाष्यात त्याची बारकाईने चर्चा झाली आहे. तिचा निष्कर्ष असा, की या विधीने नवे कर्म सांगितलेले नाही, तर चालू असलेल्या अग्निहोत्रातच दही हा गुण, म्हणजे कर्माला जोडलेले द्रव्य, स्वतःचे वेगळे फळ देतो. दह्यातून शरीराला बळ मिळावे ही इच्छा यज्ञशाळेत अशी उघडपणे मान्य होती. अट एवढीच, की दह्याला अग्निहोत्राचा आश्रय असला पाहिजे, आश्रयावाचून नुसत्या दह्याला ते फळ नाही.

काल्याचा आश्रय कोणता, हे भागवताच्या दशम स्कंधातील यमुनातीरावरच्या वनभोजनात दिसते. सगळे गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडून कृष्णाभोवती गोल बसतात, आणि यज्ञाचा भोक्ता म्हणविला जाणारा देव डाव्या हातात घास धरून पोरांशी थट्टामस्करी करत जेवतो. वारकरी संप्रदायात सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि आषाढी पौर्णिमेला पालख्या गोपाळपूरला काल्यासाठी जातात. तेथे एकमेकांच्या मुखी घास घालताना जात विचारली जात नाही. म्हणजे काल्याचे कालेपण त्यातल्या कोणत्याही एका पदार्थात नसून ते अनेकांची शिदोरी एका भांड्यात येण्यात आहे, असे म्हणावे लागते.

हे मान्य केले की द्रव्यांकडे मोकळेपणाने पाहता येते. जाड पोहे धुऊन रोवळीत निथळत ठेवावेत, ते फुलले की ज्वारीच्या लाह्या, चोचवलेली काकडी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, डाळिंबाचे दाणे, आले आणि कोथिंबीर घालावी, आणि लोणच्याचा खार बेतानेच घ्यावा, कारण काल्यातले बहुतेक मीठ तेथूनच येते. १०० ग्रॅम दह्यात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि साय काढल्याने ते घटत नाही. मात्र दही टांगून चक्का केला तर आंबटपणामुळे पाण्यात उतरलेले काही कॅल्शियम निवळीबरोबर निथळून जाते, म्हणून घट्टपणाच्या हौसेपायी दही टांगू नये. मोठा चमचाभर, म्हणजे ९ ग्रॅम, सालासकट तीळ भाजून घातले तर कागदावर आणखी ९० मिलिग्रॅमच्या आसपास भर पडते, पण सालीतल्या ऑक्झलेटमुळे ती सगळी अंगी लागत नाही. प्रौढ माणसाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम धरली जाते. वाटीभर काल्याकडून फार मोठी आशा बाळगू नये हे बरे.

हलकेपणाच्या बाबतीत मात्र गीतेचा सतरावा अध्याय आड येतो. आयुष्य आणि आरोग्य वाढविणारा सात्त्विक आहार सांगताना तेथे तो रसाळ आणि स्निग्धही असावा, असे म्हटले आहे. आरोग्य हे सात्त्विकतेचे लक्षणच ठरत असल्याने देहाचा विचार करणाऱ्याला गीता दोष देत नाही, पण स्निग्धता पुसून टाकणाऱ्या आजच्या पथ्याला तिचा पाठिंबाही मिळत नाही. ३ टक्के स्निग्धांशाच्या टोन्ड दुधाचे दही आणि वरून चमचाभर तुपाची जिऱ्याची फोडणी, ही तडजोड दोन्ही पक्षांना चालावी.

खरी अडचण येते ती दूध न पचणाऱ्या पाहुण्यामुळे. त्याच्यासाठी शेंगदाण्याचे दही लावून वेगळी वाटी भरणे सोयीचे असले तरी वाट्या वेगळ्या झाल्या की ज्याच्यावर सारे उभे आहे तो आश्रयच सुटतो. म्हणून सर्वांचेच भांडे बदलणे अधिक सुसंगत ठरते. मीमांसेत यासाठी प्रतिनिधीची, म्हणजे विहित द्रव्य न मिळाल्यास त्याच्याशी जास्तीत जास्त मिळतेजुळते द्रव्य घेण्याची, सोय आहे आणि तांदळाच्या जागी नीवार हे रानधान्य घेणे हे तिचे नेहमीचे उदाहरण आहे. परंतु ही सवलत मुख्यतः नित्य कर्माला आहे. फळाच्या इच्छेने करावयाचे काम्य कर्म प्रतिनिधीवर भिस्त ठेवून आरंभता येत नाही. शेंगदाण्याच्या दह्यात कॅल्शियम फारसे नसते, तेव्हा ते घातलेला काला नित्य म्हणून पूर्ण होतो, हाडांसाठी म्हणून होत नाही, आणि ज्या यजमानाला दोन्ही हवे असेल त्याला तिळाचा चमचा वाढवावा लागेल.